लोकशाहीतला राजा दिवसभर नेमकं करतो तरी काय?

तुमचा प्रश्न असा: "ज्या देशात निवडणुका होतात, पंतप्रधान असतो, तिथे राजाला काही काम उरतं का, की तो नुसता शोभेचा? आणि त्याचं स्वतःचं आयुष्य कसं असतं?"

मी नेदरलँड्समधल्या तिलबर्ग शहरात राहतो. इथलं नागरिकत्व घेतलं तेव्हा कळलं की ते 'राजाच्या हुकुमाने' मिळतं. आईला फोनवर हे सांगितलं, तर तिला वाटलं मला राजवाड्यातून बोलावणं आलंय. प्रत्यक्षात नगरपालिकेच्या हॉलमध्ये कॉफी, केक आणि एक छोटी शपथ. तीही राजाशी एकनिष्ठ राहण्याची नाही. राज्यघटनेने घालून दिलेल्या व्यवस्थेचा आदर करीन, नागरिकाची कर्तव्यं पाळीन, एवढीच. राजाचं नाव शपथेत नाहीच.

अशा हुकुमावर राजा विलेम-अलेक्झांडर यांची सही असते आणि तिच्या जोडीला मंत्र्याचीही लागते. मंत्र्याची सही नसेल तर राजाच्या सहीला किंमत शून्य. १८४८ च्या घटनेपासून इथला नियम असा की राजाला जाब विचारायचा नाही, जाब मंत्र्यांना विचारायचा. ऐकायला हा राजाचा मान वाटतो. पण दुसऱ्याने जाब द्यायचा म्हटलं की तुम्ही काय बोलता, कुठे जाता, हेही त्यालाच विचारून करावं लागतं.

ऑक्टोबर २०२० मध्ये हे डोळ्यांनी पाहिलं. कोरोनाची दुसरी लाट, सरकार सांगतंय की शक्यतो घरीच थांबा, आणि राजाचं कुटुंब सरकारी विमानाने ग्रीसला सुट्टीवर. बातमी फुटली, लोक भडकले, राजा दुसऱ्या दिवशी परत. काही दिवसांनी राजा-राणी कॅमेऱ्यासमोर बसून लोकांचा विश्वास दुखावल्याबद्दल मनापासून खेद व्यक्त करत होते. पण संसदेत धारेवर कोण धरलं गेलं? पंतप्रधान मार्क रुट्टे. त्यांना सहल आधीपासून माहीत होती, म्हणजे वेळीच अडवायला हवं होतं, हा त्यांचा दोष. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाच्या सुट्टीसाठी दुसऱ्याने संसदेत उत्तर द्यायचं, हे मला आजही गमतीचं वाटतं.

दरवर्षी सप्टेंबरच्या तिसऱ्या मंगळवारी राजा हेगला संसदेपुढे भाषण करतो. घोड्यांची बग्गी, बँड, रस्त्याच्या दुतर्फा माणसं. भाषणातला शब्दन् शब्द मंत्रिमंडळाचा. आपले राष्ट्रपती 'माझं सरकार' म्हणत अभिभाषण वाचतात, तसंच. खरं तर राजाची तुलना करायचीच तर राष्ट्रपतींशी करावी. मराठी माणसाला आधी सातारा आणि पुणे आठवतं, वस्त्रं छत्रपतींनी द्यायची आणि कारभार पेशव्यांनी हाकायचा. पण पेशव्यांना जाब विचारायला कुठली संसद बसली होती?

मग सही करायला राजाने नकार दिला तर? शेजारी बेल्जियममध्ये हे घडलंय. १९९० मध्ये गर्भपाताचा कायदा संमत झाला. राजे बोदुआँ कट्टर कॅथलिक, त्यांनी सांगितलं की माझं मन याला तयार नाही. मंत्रिमंडळाने तोडगा काढला: राजा 'राज्य करण्यास असमर्थ' असल्याचं जाहीर केलं, मंत्र्यांनीच कायद्यावर सह्या केल्या आणि दीड दिवसाने संसदेने राजाला पुन्हा 'समर्थ' ठरवलं. लक्झेंबर्गमध्ये २००८ साली इच्छामरणाच्या कायद्यावरून ग्रँड ड्यूक आंरी अडले. तिथे राज्यघटनाच बदलली; त्यांच्या संमतीची अटच काढून टाकली. नकाराधिकार कागदावर असतो तोवरच असतो. तो वापरला की जातो.

तरी एक खराखुरा अधिकार इथे २०१२ पर्यंत होता. निवडणुकीनंतर कुणी कुणाशी हातमिळवणी करायची याच्या बोलण्यांसाठी मध्यस्थ तेव्हा गादीवर असलेली राणी, आताच्या राजाची आई बेआट्रिक्स, नेमायची. इथे डझनावारी पक्ष, बहुमत कुणालाच नाही, त्यामुळे हे लहान काम नव्हतं. २०१२ मध्ये संसदेने ते स्वतःकडे घेतलं. पुढे २०१७ मध्ये सरकार बनायला २२५ दिवस लागले, २०२१ च्या निवडणुकीनंतर २९९. मध्यस्थ राजाने नेमला असता तर लवकर झालं असतं, असं मी म्हणणार नाही. भांडणं पक्षांची होती. पण माझे काही डच सहकारी तसं म्हणतात, आणि तेही एरवी राजेशाहीला नाकं मुरडणारे.

आता उरलं काय? दर सोमवारी पंतप्रधानाशी गप्पा. त्यात राजा सल्ला देतो, शंका काढतो, सावध करतो, आणि यातलं काहीही बाहेर येत नाही. मंत्री बदलतात, सरकारं पडतात, राजा तिथेच. दहा-वीस वर्षांत अनेक पंतप्रधान पाहिलेल्या माणसाच्या प्रश्नाला वजन असणारच. ते मोजता येत नाही, म्हणून 'शोभेचा' म्हणणं सोपं जातं. आणि कधीकधी एखादी गोष्ट राजानेच बोलावी लागते. गुलामगिरीबद्दल पंतप्रधानांनी डिसेंबर २०२२ मध्ये माफी मागितली होती. पण १ जुलै २०२३ ला अ‍ॅमस्टरडॅमच्या ओस्टरपार्कमध्ये राजाने स्वतः माफी मागितली, तेव्हा समोर बसलेल्या, सुरिनाम या जुन्या डच वसाहतीतून आलेल्या लोकांचे डोळे भरून आलेले टीव्हीवर सगळ्यांनी पाहिले.

आयुष्याबद्दल विचारलंत. २७ एप्रिल २०१७ ला राजाचा पन्नासावा वाढदिवस आमच्या तिलबर्गमध्ये साजरा झाला. त्या दिवशी देशभर पोरं फुटपाथवर चादरी अंथरून जुनी खेळणी विकतात, सगळं कसं राजघराण्याच्या नारिंगी रंगात. मी दोन तास उभा राहिलो आणि राजा दिसला दहा सेकंद, हसतमुख, हात हलवत. महिनाभरातच बातमी आली की हा माणूस एकवीस वर्षांपासून महिन्यातून दोनदा के.एल.एम.च्या छोट्या विमानांवर सह-वैमानिक म्हणून जातो. प्रवाशांना पत्ता नाही. सूचना देताना सह-वैमानिकाला स्वतःचं नाव सांगावं लागत नाही, हे त्याला सोयीचं. जमिनीवरची डोकेदुखी आकाशात नेता येत नाही, म्हणून हे आवडतं, असं त्याने मुलाखतीत सांगितलं. मला हे फार समजण्यासारखं वाटलं. कॉकपिटमध्ये त्याने केलेल्या कामाला दुसऱ्या कुणाची सही लागत नाही.

लग्नही मर्जीचं नाही. राजगादीच्या वारसाला संसदेची परवानगी लागते, तीही कायदा करून. राणी मॅक्सिमा अर्जेंटिनाच्या. त्यांचे वडील तिथल्या लष्करी राजवटीत मंत्री होते, म्हणून २००२ च्या लग्नाला मुलीचे वडीलच नव्हते. राजाचा धाकटा भाऊ फ्रिसो याने २००४ मध्ये परवानगीविना लग्न केलं आणि वारसाहक्क गमावला. पैसा मात्र आहे, राजाला दहा लाखांहून जास्त युरो वर्षाला, तेही करमुक्त. यावर दरवर्षी कुरकुर होते आणि माझ्या मते ती रास्त आहे.

एक चांगली प्रथा इथे आहे: निवृत्ती. विल्हेल्मिना १९४८ मध्ये, युलियाना १९८० मध्ये आणि बेआट्रिक्स २०१३ मध्ये, तिघींनी हयातीत गादी सोडली. इंग्लंडच्या एलिझाबेथ ९६ व्या वर्षी, मृत्यूच्या दोन दिवस आधी नव्या पंतप्रधानांची नेमणूक करत होत्या.

आता पुढची पाळी राजाची थोरली मुलगी अमालिया हिची. १८ वर्षांची झाल्यावर तिला वर्षाला सोळा लाख युरो मिळणार होते. तिने पंतप्रधानांना हाताने पत्र लिहून कळवलं की मोबदल्यात मी काहीच करत नसताना हे घेणं मला बरं वाटत नाही. अ‍ॅमस्टरडॅमला शिकायला गेली, इतर विद्यार्थ्यांबरोबर एका घरात राहू लागली, धमक्या आल्या म्हणून महिनाभरात घरी परत. मग काही काळ गुपचूप माद्रिदमधून अभ्यास केला. वडिलांचा जन्म १९६७ चा. त्यांनीही आपल्या आईसारखं, बेआट्रिक्ससारखं, पंच्याहत्तरीत थांबायचं ठरवलं, तर तिचा नंबर २०४२ मध्ये.