अर्धी पेन्शन विकून प्लॉट घ्यायचा का?

भावा, तुझं म्हणणं असं की अडतिसाव्या वर्षी पलटणीतून घरी येतोयस, गडहिंग्लजचं घर आहेच, पण कोल्हापुरात प्लॉट घ्यायचाय आणि त्यासाठी सगळे म्हणतायत, पन्नास टक्के पेन्शन विक, म्हणजे दरमहाची निम्मी पेन्शन सोडून त्याबदल्यात एकरकमी पैसे घे.

माझं मत स्पष्ट आहे. महागडं कर्ज फेडायचं असेल किंवा घर खरोखर बांधायला घेणार असशील, तर विक. नुसते पैसे हाताशी असावेत म्हणून विकू नकोस.

मूळ पेन्शन २०,००० धरू. निम्मी विकलीस, पुढच्या वाढदिवसाला ३९ पूर्ण होणार असतील, तर वयानुसार ठरलेला गुणक ९.१०३. म्हणजे १०,००० × १२ × ९.१०३ = १०,९२,३६० रुपये. त्याबदल्यात १५ वर्षं महिन्याला १०,००० कापले जातील, एकूण १८ लाख. हे ७.३ टक्क्यांच्या आसपास व्याजाचं कर्ज झालं. पर्सनल लोन फेडायला हे स्वस्त आहे. एफडीत टाकायला घेतलंस तर पदरात काहीच पडत नाही.

तरी पेन्शन विकणं म्हणजे बुडणं, असं जे सांगतात तेही पटण्यासारखं नाही. मिळणाऱ्या रकमेवर आयकर नाही. महागाई सवलत पूर्ण २०,००० वरच मिळत राहते. १५ वर्षांनी, म्हणजे तुझ्या त्रेपन्नाव्या वर्षी, कापलेली पेन्शन पुन्हा सुरू होते. मधेच तुझं काही बरंवाईट झालं तर उरलेली रक्कम घरच्यांकडून वसूल होत नाही, आणि वहिनींची कुटुंब पेन्शनही त्यामुळे कमी होत नाही.

आधी बाकीचे पैसे मोज. ग्रॅच्युइटी, शिल्लक रजेचे पैसे, एएफपीपी फंड (फौजेतला भविष्यनिर्वाह निधी), ग्रुप इन्शुरन्सची मॅच्युरिटी हे सगळं पेन्शन न विकताही येणारच आहे. त्यात प्लॉट बसला तर पेन्शनला हात लावू नकोस. थोडेच कमी पडले तर वीस टक्के विक. पन्नास ही कमाल मर्यादा आहे, सक्ती नव्हे.

मला खरी काळजी प्लॉटचीच वाटते. आपल्याकडं कोण कधी रिटायर होतोय हे एजंटांना आधी कळतं, आणि फौजी माणूस शब्दावर विश्वास ठेवतो. बिगरशेतीचा (एनए) आदेश आणि मंजूर लेआउट बघितल्याशिवाय बयाणा देऊ नकोस. सातबाऱ्यावरचा इतर हक्कांचा रकाना वकिलाकडून वाचून घे. 'गुंठा-दोन गुंठे घ्या, नंतर एनए होईल' म्हणणाऱ्याच्या दारात उभाच राहू नकोस. चुलतभावाला ट्रॅक्टरसाठी, मेव्हण्याला धंद्यासाठी उसने द्यायचा विषय निघेलच. पैसे एफडीत अडकलेत म्हणून सांग.

कागलच्या एमआयडीसीत सिक्युरिटीची नोकरी मिळेल असं धरून कर्जाचा हप्ता ठरवू नकोस. तो कापून उरलेल्या पेन्शनमध्येच बसला पाहिजे. हा हिशेब वहिनींना बरोबर घेऊन कर आणि मगच पेन्शनच्या कागदांत टक्केवारी भर, कारण रक्कम एकदा मिळाली की निर्णय मागे घेता येत नाही.