शिमगा की शिगमो?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्याचे एक वाचक मित्राबरोबर मार्चमध्ये गोव्यात भटकत होते. फोंड्यात संध्याकाळी पोलिसांनी गाडी अडवली, पुढे रस्ता बंद. उतरून पाहिलं तर ढोल-ताशांचा दणदणाट, निशाणं आणि रंगीत छत्र्या नाचवत येणारी शेकडो माणसं आणि मागे दिव्यांनी लखलखणारे चित्ररथ. कमानीवर लिहिलं होतं ‘शिगमोत्सव’. ते म्हणाले, “शिमगा हवं ना? लिहिताना अक्षरं उलटी पडलीत.” मित्र कुडाळचा. तो म्हणाला, “उलटी तुमची पडलीत. शिमगा नाय रे, शिगमो!” आणि वर ऐकवलं की घाटावरच्यांना शिमगा म्हणजे नुसत्या बोंबा. तर बरोबर कोण, आणि तिथे सारखा कानावर पडणारा ‘रोमटामेळ’ म्हणजे काय, असं त्यांनी विचारलं आहे.

अक्षरांच्या क्रमापुरतं सांगायचं तर तुमचा मित्र बरोबर आहे. आधी ग आणि मग म, हाच जुना क्रम.

बाराव्या शतकात गुजरातेत होऊन गेलेल्या आचार्य हेमचंद्रांनी देशी शब्दांचा एक कोश केला, ‘देशीनाममाला’. त्यात ‘सुगिम्हअ’ हा शब्द आहे आणि अर्थ दिला आहे फाल्गुनातला उत्सव. त्याचं संस्कृत रूप ‘सुग्रीष्मक’. सु आणि ग्रीष्म. उन्हाळ्याच्या उंबरठ्यावरचा सण, म्हणून हे नाव. शिमग्याच्या ज्या काही व्युत्पत्त्या सांगितल्या जातात, त्यांत मला हीच सर्वांत पटते, कारण तिच्यातला जवळजवळ प्रत्येक बदल आपल्याला रोजच्या बोलण्यातल्या शब्दांत दाखवता येतो.

ग्रीष्मचं प्राकृतात ‘गिम्ह’ होतं. ष्म किंवा स्म आला की प्राकृतात त्याचा म्ह होतो, हा नियम हेमचंद्रांनीच व्याकरणात सांगितला आहे. याच वाटेने संस्कृतातल्या ‘अस्म’ आणि ‘युष्म’पासून आपले ‘आम्ही’ आणि ‘तुम्ही’ आले. म्हणजे शिगम्यातला म हा आम्ही-तुम्हीमधल्या म्हचा सख्खा भाऊ, फक्त त्यातला ह पुढे गळून गेला. आता सुरुवातीचा ‘सु’. पुढच्या गिच्या ओढीने त्याचा सि झाला, आणि मराठीत इ-ए समोर आले की स बहुधा श होतो. सिंदूरचा शेंदूर झाला, सीसकाचं शिसं, प्राकृतातल्या ‘सिक्ख’चं शिकणं. तसाच सुगिम्हअचा शिगमा. कोकणी आणि मालवणीत अशी पुल्लिंगी नामं ओकारान्त असतात, घोडा-घोडो, आंबा-आंबो. म्हणून शिगमो.

मग शिमगा कुठून आला? बोलताना ग आणि म यांनी जागा बदलल्या. याला वर्णविपर्यय म्हणतात. चिकटणे आणि चिटकणे ही दोन्ही रूपं आपल्या तोंडी आहेत. नुकसानचं नुसकान गावोगाव ऐकू येतं. वाराणसीचं बनारस झालं ते र आणि ण यांच्या अदलाबदलीतून.

आता कृपा करून मित्राला असं सांगू नका की शिमगा अशुद्ध आहे, कारण तेही खरं नाही. वर्णविपर्ययाने बनलेला शब्द अशुद्ध ठरवायचा तर आपल्याला आपल्या भाषेचं नावच टाकून द्यावं लागेल! महाराष्ट्रचं प्राकृतात ‘मरहट्ठ’ झालं. मूळ शब्दात ह आधी आणि र नंतर, इथे र आधी आणि ह नंतर. हा बदलही हेमचंद्रांनी वेगळं सूत्र करून नोंदवला आहे. त्या मरहट्ठातून मराठा आणि मराठी. शिमगा आणि मराठी हे दोन्ही शब्द एकाच वाटेने घडले, हे मला पहिल्यांदा उमगलं त्या दिवशी खरंच फार आनंद झाला होता. म्हणून प्रमाण मराठीत शिमगा लिहा, गोव्यातल्या किंवा मालवणी मुलखातल्या सणाबद्दल लिहीत असाल तर शिगमो लिहा. कुणाचंही रूप ‘दुरुस्त’ करू नका.

कमानीवरचा ‘शिगमोत्सव’ हा तर वेगळाच मासला. त्यातला ओ कोकणीचाच असेल असं नाही. शिगमा अधिक उत्सव, आ आणि उ मिळून ओ, जसा गणेशोत्सवात अ आणि उ मिळून होतो. प्राकृताच्या पोटी जन्मलेल्या शब्दाला संस्कृताचा संधी लागला आहे, आणि तो किती बेमालूम बसला आहे बघा.

मित्राचा दुसरा टोमणा मात्र मनावर घ्यायला हवा. आपण बोलताना शिमगा कधी वापरतो? ‘त्याच्या नावाने शिमगा केला’, ‘घरात नुसता शिमगा चाललाय’. बोंबा, शिव्या, आरडाओरडा. ‘शिमगा गेला आणि कवित्व राहिलं’ ही म्हणही आपण भांडण मिटल्यावरच्या कुरबुरीसाठी वापरतो आणि ते कवित्व म्हणजे शिमग्यात रचून म्हटलेली गाणी, हे विसरतो. सणाला आपण होळी म्हणू लागलो आणि शिमगा हा शब्द फक्त गोंगाटासाठी ठेवला.

कोकणात तसं झालेलं नाही. तिथे शिमगा म्हणजे ग्रामदेवतेची पालखी घरी येण्याचे दिवस. एरवी माणूस देवळात जातो, या दिवसांत देव माणसाच्या अंगणात येतो. मी रत्नागिरीजवळच्या एका गावात हे पाहिलं आहे. अंगण शेणाने सारवलेलं, उंबऱ्याशी ओटी भरायला सूप घेऊन उभी असलेली घरातली वडीलधारी बाई, आणि पालखी वळणावर दिसताच मुंबईहून रातोरात आलेला तिचा मुलगा चप्पल काढून धावत सुटला, खांदा द्यायला. पालखी नाचवताना त्याचा शर्ट खांद्यावर फाटला. त्याला पत्ता नव्हता. त्या माणसासमोर ‘कसला शिमगा लावलाय’ असं म्हणून बघा, म्हणजे शब्दाचा अर्थ किती आकसून ठेवलाय आपण ते कळेल.

गोव्यातही मूळ सण गावच्या मांडावरचा. मांड म्हणजे गावाने ठरवून दिलेली पवित्र जागा. तिथे जमून आधी नमन म्हणायचं, देवतांना आळवायचं, मग खेळाला हात घालायचा. तुम्हाला वाटेत जे भेटलं ते त्याचं शहरी रूप. पर्यटन खात्याच्या आखणीनुसार होळी पौर्णिमेनंतर फोंडा, मडगाव, पणजी, म्हापसा, वास्को अशा गावांत वेगवेगळ्या संध्याकाळी या मिरवणुका निघतात. त्यामुळे त्या दिवसांत गोव्यात फिरणाऱ्याला कुठे ना कुठे रस्ता बंद मिळतोच.

त्या मिरवणुकीत जे पथक ढोल, ताशे आणि कासाळ्यांच्या ठेक्यावर ‘ओस्सय! ओस्सय!’ असा गजर करत, निशाणं नाचवत पुढे सरकत होतं, तो रोमटामेळ. रोमट म्हणजे ही वाजतगाजत, नाचत जाणारी मिरवणूक, आणि मेळ म्हणजे आपला मेळाच, एका गावच्या किंवा वाड्याच्या माणसांचा जथा. चित्ररथ नंतर आले, रोमट जुनं.

पुढच्या वेळी त्यातल्या कासाळे वाजवणाऱ्याकडे नीट बघा. पितळी, ताटाएवढ्या झांजा असतात त्या. मी पाहिला त्याने दोरीने हात कापू नये म्हणून तळव्याला पंचा गुंडाळला होता, आणि प्रत्येक ठोक्याला तो गुडघ्यात वाकून झांजा वर उडवत होता. कासाळे म्हणजे कांस्यताल, काशाचा टाळ. जुन्या मराठीत कंसाळ होतंच. आपण टाळ ठेवला आणि कांस्य सोडून दिलं, गोव्याने अख्खा शब्द जपला.

एक शब्द मित्राच्याच मुलखातला, त्याला जरूर विचारा. शिगम्याच्या दिवसांत सिंधुदुर्गात पोरं दारात येऊन किंवा रस्त्यात आडवी उभी राहून ‘शबय, शबय’ म्हणून पैसे मागतात. रत्नागिरीकडे अशाच मागण्याला पोस्त म्हणतात. फाल्गुनात कुडाळला गेलात तर गाडी पुन्हा अडवली जाईल, या वेळी पोलिसांकडून नाही. सुटे पैसे जवळ ठेवा.