डांबरवाला अर्ल

प्रश्न : आमच्या फाउंड्रीत कुपोल्याला (लोखंड वितळवायच्या भट्टीला) रोज हार्ड कोक (हवा कोंडून भाजलेला दगडी कोळसा) लागतो. कोक करताना निघणाऱ्या धुरातून डांबर धरायचं पेटंट एका स्कॉटिश उमरावाने घेतलं होतं म्हणे. त्याची भट्टी कशी होती? आणि पेटंट असूनही तो कंगाल कसा झाला?
— एक वाचक, उद्यमबाग, बेळगाव

उत्तर : तो आर्चिबाल्ड कॉक्रन, डंडोनाल्डचा नववा अर्ल (1748–1831). लाकडी जहाजांचे तळ समुद्री किडा कसा पोखरतो, हे त्याने नौदलात असताना पाहिलं होतं. तळाला फासायचं डांबर पाइनच्या लाकडाचं, बाल्टिक देशांतून आणि अमेरिकेतून येणारं. अमेरिकेत युद्ध पेटलं आणि तिकडचा माल आटला. अर्लच्या कूरस गावच्या जमिनीखाली (नावात 'ल' लिहितात, उच्चारत नाहीत) कोळसा भरपूर. 1781 मध्ये त्याने पेटंट घेतलं.

भट्टीला बाहेरून जाळ नव्हता. बंद भट्टीत कोळसा पेटवायचा आणि बेताची हवा सोडून तो स्वतःच्याच उष्णतेवर धुमसत ठेवायचा. वाफा नळीतून थंड कोठीत नेल्या की डांबर खाली साचतं. सगळी मेख हवेत. जास्त झाली की डांबराची वाफ आतच जळते आणि कोकची राख होते. कमी पडली की भट्टी विझते, कोळसा कच्चा राहतो. आजच्या कोक ओव्हनला बाहेरून ताप देतात, तेव्हा टनाला 30 ते 45 किलो डांबर मिळतं. त्याच्या भट्टीत थोडा माल जळणारच.

घात केला तांब्याने. 1779 पासून नौदलाने जहाजांच्या तळांना सरसकट तांब्याचे पत्रे ठोकायला घेतले आणि सर्वांत मोठं गिऱ्हाईक गेलं. 1785 मध्ये संसदेने पेटंट 20 वर्षं वाढवलं, त्याने विक्री काही वाढली नाही. त्यात मीठ, सोडा, खत असे एकावर एक उद्योग, सगळे कर्जावर. जमीनजुमला विकला गेला. पॅरिसमध्ये हलाखीत वारला. नळीतून सुटणारा वायू पेटतो हे दिसूनही त्याने त्याचा धंदा केला नाही, ही आमच्या मते तांब्याहून मोठी चूक.

प्रश्न : खडीच्या रस्त्याची पद्धत काढणारा मॅकॅडम या डांबरवाल्या अर्लच्याच भट्टीवर कामाला होता का? मग रस्त्यावरचं डांबर तेच?
— एक वाचक, खानापूर

उत्तर : होता, स्कॉटलंडमधल्या म्युअरकर्कच्या डांबरभट्ट्या तोच पाहायचा. पण त्याच्या रस्त्यात डांबराचा थेंब नाही. नुसती फोडलेली खडी, एकही दगड 6 औंसांपेक्षा, म्हणजे 170 ग्रॅमपेक्षा, जड नको. आपल्याकडे रस्त्यावर ओततात ते बिटुमेन, खनिज तेलाचा गाळ. कोळशाच्या डांबराचा खरा वास हवा असेल तर कपाटातली डांबरगोळी हुंगा.