साठ रणगाड्यांपाशी अडलेल्या मुलीस

चि. लेखिकेस अनेक आशीर्वाद.

मसुदा वाचला, चिठ्ठीही वाचली. लेफ्टनंट कर्नल आर्देशीर तारापोर यांनी स्वतः किती रणगाडे फोडले, ते कुठेच मिळत नाही म्हणून तू लिहायची थांबली आहेस. प्रशस्तिपत्रातला सुमारे ६० चा आकडा रेजिमेंटचा आहे हे तुला दिसलं, तिथवर शाबास. पण त्यापुढे ‘मग परमवीर चक्र नेमकं कशाचं?’ असं विचारतेस, तेव्हा मला राहवत नाही.

अगं, आधी त्यांना दिलेलं काम काय होतं ते लिही.

ते १७ पूना हॉर्स या रणगाडा रेजिमेंटचे कमांडिंग ऑफिसर होते. पाकिस्तानशी युद्ध चालू होतं. ११ सप्टेंबर १९६५ रोजी पाकिस्तानातल्या सियालकोट भागात फिल्लोरा हे गाव घ्यायचं होतं आणि रणगाड्यांची मुख्य धडक याच रेजिमेंटने द्यायची होती. फिल्लोरा आणि चविंडा यांच्या मधून शिरून फिल्लोराला मागून गाठायचं, असा बेत. वाटेतच वझीरवालीकडून शत्रूचे जड रणगाडे अंगावर आले. तारापोर हटले नाहीत. एक स्क्वाड्रन, म्हणजे रेजिमेंटमधली रणगाड्यांची एक तुकडी, आणि पायदळाची बटालियन घेऊन त्यांनी तशातच फिल्लोरावर हल्ला केला. जखमी झाले, तरी मागे जायला तयार नव्हते. १४ तारखेला वझीरवाली घेतली, १६ ला जस्सोरान आणि बुटुर-डोग्रांदी. तिथे त्यांच्या रणगाड्यावर अनेकदा गोळे बसले. तरीही ती दोन ठिकाणं त्यांनी धरून ठेवली, कारण ती हातात होती म्हणूनच पायदळाला चविंडावर मागून जाता येत होतं. त्याच दिवशी ते धारातीर्थी पडले आणि रेजिमेंट लढत राहिली. चविंडा अखेर आपल्या हाती आलं नाही. तेही लिही, झाकू नकोस.

आता सांग, यात त्यांच्या एकट्याच्या गोळ्यांचा हिशेब कुठे बसवशील? त्यांच्या सेंच्युरियन रणगाड्यात चार माणसं असतात. तोफ डागणारा वेगळा, गोळा भरणारा वेगळा, चालक वेगळा. कर्नलने सगळी रेजिमेंट सांभाळायची. आपले नऊ रणगाडे गमावून शत्रूचे साठ, हे त्या सांभाळण्याचं फळ. म्हणून म्हणतो, आधी काम लिही.

सावित्रीबाई खानोलकरांनी परमवीर चक्राच्या पदकावर इंद्राची चार वज्रं कशी योजली, तो परिच्छेद मला मनापासून आवडला. तो ठेव. पण कांस्य आणि जांभळ्या फितीला पानभर जागा, नि फिल्लोराला तीन ओळी? नाही चालणार! आणि ‘बाकीच्यांना नुसती सेवापदकं’ हे वाक्य आजच्या आज खोड. त्या युद्धासाठी समर सेवा स्टार होता, रक्षा पदक होतं. कर्नलच्या मागोमाग ज्या चालकांनी रणगाडे पुढे घातले, त्यातल्या बहुतेकांच्या छातीवर एवढंच आलं. त्याला ‘नुसती’ म्हणायचं?

माझं लिखाण रुक्ष आहे, त्यात शौर्य दिसत नाही, असं एका संपादकांनी सुनावून लेख परत केला होता. मी तो बदलला नाही, आजही बदलणार नाही. हैदराबाद संस्थानाच्या घोडदळातून, हैदराबाद लान्सर्समधून, १९५१ मध्ये आलेला माणूस पूना हॉर्सचा प्रमुख होतो आणि ती रेजिमेंट जखमी कर्नलमागे सहा दिवस लढते. याहून मोठं शौर्य विशेषणांनी कसं दाखवायचं, मला ठाऊक नाही.

सल मात्र एक आहे. नावात पुणं असलं तरी त्या रेजिमेंटचे जवान बहुतेक राजपूत आणि जाट. रेजिमेंटमधले म्हातारे दफादार, रिसालदार (हे घोडदळातले जुने हुद्दे) दूरच्या गावांत एकेक करून गेले. त्या दिवशी वायरलेसवर काय ऐकू येत होतं, हे विचारायला मला कुणी उरलं नाही. तुझ्या ओळखीत कुणी जुना घोडदळवाला असेल, तर लेख राहू दे, आधी त्याच्याकडे जा. पदकं किती हे विचारू नकोस. काम काय होतं, ते विचार.

मग फिल्लोरा, वझीरवाली, जस्सोरान, बुटुर-डोग्रांदी आणि चविंडा एका कागदावर मांडून बाण काढ, आणि तो कागद नव्या मसुद्याला जोडून मला पाठव.

कळावे.