पगाराच्या वरच्या कमाईचा टॅक्स: तुझ्या मेसेजला उत्तर

तुझा मेसेज वाचला. "ताई, आता १२ लाखांपर्यंत टॅक्सच नाहीये ना, मग माझे वेबसाइटच्या कामाचे ४ लाख कशाला दाखवायचे" असं लिहिलंयस. हे इतक्या जणांकडून ऐकलंय की म्हटलं एकदाच नीट लिहून टाकावं, फोनवर तू आकडे अर्धवट ऐकतेस आणि हो हो म्हणतेस.

ते १२ लाख पगाराचे वेगळे आणि साइडच्या कामाचे वेगळे असं काही नसतं गं. पॅन एक, माणूस एक, मग इन्कमही एकच. पगार पहिल्या पंगतीला बसतो, शून्य टक्के आणि पाच टक्केवाले स्लॅब तोच संपवून टाकतो, आणि तुझी ऑनलाइन कमाई येते शेवटच्या पंगतीला, तिच्या वाट्याला वरचा दर. ऑफिस फक्त स्वतः दिलेल्या पगारावर हिशोब करतं, बाकीचं त्यांना माहीतच नसतं, म्हणून ऑफिसकडून मिळणाऱ्या फॉर्म १६ मध्ये (पगार आणि कापलेल्या टॅक्सचा दाखला) टॅक्स शून्य दिसला की तुला वाटतं सुटलो.

तुझेच आकडे घेऊ. २०२५-२६ चा पगार ११ लाख, नव्या रिजीममध्ये (टॅक्स मोजायची नवी पद्धत) स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे पगारातून सरसकट मिळणारी वजावट, ७५ हजार, राहिले १०.२५ लाख. इथपर्यंत रिबेटमुळे, म्हणजे १२ लाखांपर्यंत मिळणाऱ्या माफीमुळे, टॅक्स नाही. आता वरचे ४ लाख. तू कोडिंग करतेस, आयटीचं काम इन्कम टॅक्स कायद्याच्या ४४एडीए कलमात येतं, म्हणजे वर्षाची जमा ५० लाखांच्या आत असेल तर निम्मी रक्कम नफा म्हणून दाखवायची, हिशोबाच्या वह्या नकोत, बिलं चिकटवत बसणं नको. म्हणजे ४ मधले २ लाख. एकूण झाले १२.२५ लाख, आणि बघ, १२ ची रेषा ओलांडली. स्लॅबने टॅक्स ६३,७५० होतो, पण रेषेच्या जरा वर गेलेल्यांसाठी मार्जिनल रिलीफ आहे, म्हणजे १२ लाखांच्या वर जेवढे गेलीस तेवढाच टॅक्स, २५ हजार, वर ४ टक्के सेसचे एक हजार. २६ हजार. पुढच्या वर्षी पगार तेवढाच राहिला आणि साइडचं काम ६ लाखांवर गेलं तर इन्कम १३.२५ लाख, रिलीफ संपली, टॅक्स सेससकट ८१,९००. हा आकडा आत्ताच डोक्यात ठेव, नाहीतर नवीन फोन घेऊन बसशील.

४४एडीए बद्दल दोन गोष्टी. एक, ते ५० टक्के घेतले की त्यात लॅपटॉप, नेट, होस्टिंग सगळं आलं, वरून पुन्हा खर्च वजा करता येत नाही, आणि ५० च्या खाली नफा दाखवायचा हट्ट केलास तर तुझ्या इन्कमला वह्या आणि ऑडिट दोन्ही मागे लागेल, त्यामुळे तुझ्यासारखीला खरा खर्च कमीच असतो तर गुपचूप ५० टक्के घेऊन मोकळं व्हावं. दोन, निम्मं धरायचं ते पूर्ण बिलाच्या, प्लॅटफॉर्मने आपली फी कापून अकाउंटला जे टाकलं त्याच्या नव्हे.

आता टीडीएस, म्हणजे पैसे देणारा आधीच कापून घेतो तो टॅक्स. एजन्सीने दीड लाखांवर १० टक्के म्हणजे १५ हजार कापले आणि तुला वाटलं टॅक्स भरून झाला. तो अॅडव्हान्समध्ये घेतलेला भाग आहे फक्त, शेवटचा हिशोब तुझाच. शिवाय कापला म्हणजे भरलाच असंही नाही, इन्कम टॅक्सच्या पोर्टलवर २६एएस (कापलेल्या टॅक्सची नोंद) उघडून तुझ्या पॅनवर तो आलाय का बघ, नसेल तर त्यांच्या अकाउंट्सवाल्याला आत्ताच फोन लाव, रिटर्नच्या वेळी लावलास तर तो उचलणार नाही. आणि दुबईवाल्या क्लायंटचे अडीच लाख आले त्यावर कोणीच काही कापलेलं नाही, पण बाहेरून आले म्हणून ते टॅक्सफ्री नाहीत, तू इथे राहून कमावलेस.

म्हणजे २६ मधून १५ गेले, ११ हजार उरले. टीडीएस जाऊन १० हजार किंवा जास्त टॅक्स निघत असेल तर अॅडव्हान्स टॅक्स लागतो, म्हणजे वर्ष संपायच्या आत भरायचा. बाकीच्यांना जून, सप्टेंबर, डिसेंबर, मार्च अशा चार तारखा असतात, ४४एडीए वाल्यांना मात्र एकच, १५ मार्च, म्हणून तुझा डिसेंबरचा हप्ता वगैरे काही चुकलेला नाही, घाबरू नकोस, पण मार्चची तारीख चुकवलीस तर महिन्याला एक टक्का व्याज सुरू. पोर्टलवर ई-पे टॅक्स मध्ये जा, अॅडव्हान्स टॅक्स निवड, असेसमेंट इयर (कमाईच्या पुढचं वर्ष) २०२६-२७, इथे लोक हमखास २०२५-२६ टाकतात आणि मग पैसे भलत्याच वर्षात जाऊन बसतात. चलान सेव्ह कर.

हे नको असेल तर दुसरा मार्ग आहे, ऑफिसला इतर उत्पन्न कळवायचं आणि ते पगारातूनच जास्त टीडीएस कापतात. सोपं आहे, पण मग एचआरला कळतं, आणि तुझ्या अपॉइंटमेंट लेटरमध्ये बाहेरच्या कामाबद्दल काय लिहिलंय ते तू अजून वाचलेलं नाहीस हे मला माहितीये. २०२२ मध्ये विप्रोने स्पर्धक कंपन्यांसाठी काम करणाऱ्या ३०० जणांना काढलं होतं. आधी लेटर वाच. टॅक्स भरणं आणि कंपनीची परवानगी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, टॅक्स भरल्याने परवानगी मिळत नाही आणि परवानगी नाही म्हणून टॅक्स चुकवता येत नाही.

रिटर्न आयटीआर-१ ने भरू नकोस, "इतर उत्पन्न" म्हणून ४ लाख सरकवून देतात काही जण, ते चूक. पगार आणि ४४एडीए असेल तर आयटीआर-४, शेअर विकून फायदा वगैरे मोठा असेल तर आयटीआर-३. आणि हो, तू दरवर्षी जुनी रिजीम की नवी असं बघून ठरवतेस ना, ते आता बंद. बिझनेस इन्कम आलं की जुनीत जायला १०-आयईए फॉर्म लागतो आणि एकदा नवीत परतलीस की हे काम चालू असेपर्यंत पुन्हा जुनीत जाता येत नाही. तुझ्याकडे होम लोन नाही, ८०सी पण पूर्ण भरत नाहीस, नवीतच राहा.

जीएसटीचं टेन्शन सोड, सर्व्हिसला २० लाखांपर्यंत रजिस्ट्रेशन लागत नाही आणि त्यात पगार धरत नाहीत. फक्त एक कर, साइडच्या कामासाठी वेगळं सेव्हिंग अकाउंट उघड, सध्या स्विगीचे रिफंड, मैत्रिणीने पाठवलेले पैसे आणि क्लायंटचं पेमेंट सगळं एकाच स्टेटमेंटमध्ये आहे, तुलाही उलगडत नाही मग सीएला काय उलगडणार. आणि पहिल्या वर्षी सीए कर गं, फी देताना कुरकुर करशील पण दे.

१ एप्रिल २०२६ पासून नवा इन्कम टॅक्स कायदा लागू, त्यात कलमांचे नंबर बदललेत, ४४एडीए हे नावही गेलं, पण तुझं २०२५-२६ हे वर्ष जुन्याच कायद्याने मोजलं जाणार.

आज रात्री एवढं कर, पोर्टलवरून एआयएस, म्हणजे तुझ्या पॅनवर नोंदलेल्या वर्षभराच्या व्यवहारांची यादी, डाउनलोड कर. पीडीएफचा पासवर्ड म्हणजे पॅन स्मॉल लेटरमध्ये आणि पुढे सलग जन्मतारीख. त्यात तुला विसरलेली एखादी एफडी पण सापडेल, तिचं व्याज वरच्या हिशोबात मी धरलेलं नाही.

ताई