नवी हार्ड डिस्क? आधी तास तपास

अरे, घोडबंदरला पार्सल आलं की खोका लगेच फाडू नकोस, मोबाइलवर व्हिडिओ चालू ठेवूनच उघड. साटा पिनांवर, म्हणजे डिस्क कॉम्प्युटरला जोडायच्या पिनांवर, ओरखडे दिसले तर ती आधी कुठेतरी लागलेली असू शकते. मग क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्क तपासायच्या प्रोग्राममध्ये ती किती तास चालली ते बघ, पण शून्य दिसलं म्हणून निर्धास्त होऊ नकोस. तो आकडा पुसता येतो रे! २०२५च्या सुरुवातीला जर्मनीत नव्या म्हणून विकलेल्या सीगेटच्या डिस्क हजारो तास चाललेल्या निघाल्या. स्मार्टची, म्हणजे डिस्क स्वतःच्या वापराची ठेवते ती, नोंद कोरी होती, खरे तास ‘फार्म’ नावाच्या वेगळ्या नोंदीत सापडले. सीगेट घेतलीस तर स्मार्टमॉनटूल्स या प्रोग्रामने ती नोंदही वाच. सीरियल नंबर टाकून कंपनीच्या साइटवर वॉरंटी तपास. हे सगळं परतीची मुदत संपायच्या आत कर, आणि तोवर घरचे फोटो त्यावर अजिबात टाकू नकोस.