मंचावरचा कथक: अ‍ॅपर्चर किती, आयएसओ किती?

तुमची अडचण थोडक्यात अशी: मुलीच्या कथकच्या कार्यक्रमात किट लेन्सने (कॅमेऱ्यासोबत मिळणाऱ्या लेन्सने) ५५ मिमीवर, अ‍ॅपर्चर म्हणजे लेन्सचं छिद्र एफ/५.६ (आकडा जितका लहान, तितकं छिद्र मोठं) आणि आयएसओ, म्हणजे फोटो उजळवण्याचा आकडा, ४०० ठेवून फोटो काढले. शटर १/१५ सेकंदापर्यंत घसरलं आणि एकूण एक फोटो हलला. चारशेच्या वर गेलं की फोटो बिघडतो असं ऐकल्यामुळे आयएसओ वाढवला नाही. मग सराईत लोक अशा ठिकाणी काय ठेवतात, हा प्रश्न.

पहिल्यांदा ती चारशेची मर्यादा विसरा. ती फिल्मच्या काळातली भीती आहे. तेव्हा जास्त वेगाची फिल्म म्हणजे जास्त ठसठशीत दाणे, आणि एकदा घातलेला रोल संपेपर्यंत बदलता येत नसे. डिजिटलमध्ये आयएसओ वाढवल्याने सेन्सरवर पडणारा प्रकाश वाढत नाही. जो सिग्नल मिळाला तो वाढवून दाखवला जातो, एवढंच. नॉईज (फोटोतले दाणेदार ठिपके) मुख्यतः येतो तो प्रकाश कमी पडल्यामुळे. म्हणूनच काळोखा फोटो चारशेवर काढून घरी संगणकावर उजळला, तरी नॉईज तेवढाच निघतो, काही कॅमेऱ्यांत तर जास्तच. नॉईज नंतर बराच कमी करता येतो. हललेला फोटो मात्र दुरुस्त होत नाही.

खरा प्रकाश वाढतो तो अ‍ॅपर्चरने. एफ/५.६ वरून एफ/२ म्हणजे तीन स्टॉप (दर स्टॉपला प्रकाश दुप्पट), म्हणजे आठपट प्रकाश. त्यावर आयएसओ ४०० चा १६०० केला की आणखी दोन स्टॉप. एकूण बत्तीसपट. तुमचं १/१५ तिथेच जवळपास १/५०० होतं आणि चक्कर घेतानाचा चेहराही स्थिर येतो. हाच १/५०० किट लेन्सवर हवा असेल तर आयएसओ १२८०० लागेल. म्हणून माझा सल्ला: नवीन कॅमेऱ्याआधी ५० मिमी एफ/१.८ लेन्स घ्या. बऱ्याच कंपन्यांच्या यादीत ती स्वस्त लेन्सांपैकी एक असते.

आता अ‍ॅपर्चर किती उघडायचं? एपीएस-सी सेन्सरवर (फुल-फ्रेमपेक्षा लहान सेन्सर), सहा मीटर अंतरावरून, ५० मिमी लेन्सने एफ/२ ला साधारण सव्वा मीटर खोली (पुढे-मागे स्पष्ट दिसणारा पट्टा) फोकसमध्ये राहते. एकट्या नर्तकीला ती पुरते, हात पुढे आला तरी. कॅमेरा उभा धरलात तर याच अंतरावरून ती पावलांपासून वर केलेल्या हातापर्यंत चौकटीत मावते. समूहनृत्यात दोन रांगा असतील तर एफ/४ वर जा. खोली सव्वादोन मीटरच्या पुढे जाते आणि आयएसओ चौपट करावा लागतो. ६४०० ला अजिबात कचरू नका. गेल्या काही वर्षांतल्या २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यातून ६४०० चा फोटो ८ बाय १२ इंचांत छापला तर घरचं कुणी नॉईजबद्दल बोलणार नाही. अगदी जवळून, दोन मीटरवरून काढत असाल तर एफ/१.८ ला खोली जेमतेम बारा सेंटिमीटर उरते. तिथे डोळ्यावरच फोकस हवा.

शटरबद्दल मात्र नृत्य समजून घ्यायला हवं, आणि मला या कामातला हाच भाग सगळ्यात आवडतो. विलंबित लयीतल्या थाटाला (संथ, डौलदार उभ्या ठेवणीला) १/१२५ पुरतं. चक्करांना १/५००, तत्काराची (पायांच्या ठेक्याची) पावलं धरायची असतील तर त्याहूनही जास्त. पण तिहाई (तीनदा येणारा बोल) संपून समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, नर्तकी पोझ धरते, त्या क्षणी शरीर थांबलेलं असतं. तिथे १/१६० लाही स्वच्छ फोटो येतो, म्हणजे आयएसओ दीड-पावणेदोन स्टॉप खाली ठेवता येतो. मुलीसोबत बसून तिचे तोडे (नृत्याचे छोटे बांधीव तुकडे) कुठे संपतात ते ऐकून ठेवा. ताल कळणाऱ्या माणसाला साधा कॅमेराही पुरतो.

मोड पूर्ण मॅन्युअल. मागचा काळा पडदा पाहून ऑटो मीटर फसतो आणि चेहरा पांढराफटक करतो. ऑटो आयएसओही त्याच कारणाने वर चढतो. सुरुवातीच्या वंदनेला दोन-तीन फोटो काढून चेहऱ्यावरचा उजेड पाहा, हायलाईट वॉर्निंग (फार उजळलेला भाग लुकलुकून दाखवणारी सोय) चालू ठेवा, आणि आकडे ठरवून टाका. प्रकाशयोजना बदलली की फक्त आयएसओ हलवायचा. गडद लाल किंवा निळा झोत आला की चेहऱ्यावरचे तपशील एकाच रंगात बुजतात. तेव्हा एक स्टॉप कमी ठेवा किंवा सरळ थांबा.

एलईडी दिव्यांखाली सायलेंट म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटर वापरू नका, आडवे पट्टे येतात. गाण्याच्या बैठकीत शटरचा आवाज लोकांना खुपतो, पण कथकात घुंगरांपुढे तो ऐकूही येत नाही. मेकॅनिकल शटरवरही पट्टे दिसले तर १/१०० करून पाहा: आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साधे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. फ्लॅश बंदच ठेवा. तो नर्तकीच्या डोळ्यांत जातो आणि प्रकाशयोजनाकाराची सगळी मेहनत पुसून टाकतो.

फोटो रॉमध्येच (कॅमेऱ्याच्या मूळ, प्रक्रिया न केलेल्या फाईलमध्ये) काढा. नॉईज कमी करताना रंगीत ठिपके पूर्ण काढा, काळ्या-पांढऱ्या दाण्याला हलका हात लावा. तो फार घासला की त्वचा मेणासारखी दिसायला लागते आणि वेशावरची जर नाहीशी होते.